तिसऱ्या रविवारची हरकत

मंगळवार, ४

घरात माझ्याशी धड बोलणारं कोणी उरलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलंय. चिरंजीव बोलतात, पण ‘गिझर लावलाय’ आणि ‘किल्ली नेतोय’ एवढंच. गेल्या आठवड्यात त्याने सांगितलं की तो लग्न करतोय. विचारलं नाही, सांगितलं. मुलगी ख्रिस्ती. लग्न चर्चमध्ये. तारीख ठरलेली.

मुलगी मला माहीत आहे. आमच्याच ड्रायव्हिंग स्कूलची विद्यार्थिनी, टेस्टला दोनदा नापास. चिरंजीव तेव्हा सुट्टीच्या दिवशी मला मदत करायचा, तिला तोच शिकवायचा. गाडी मागे घेताना ही आरशात बघायचं सोडून शेजारच्या सीटकडे बघायची. मला तेव्हाच कळायला हवं होतं. वीस वर्षं लोकांना सांगतेय, समोर बघा, बाजूला बघा, आणि माझ्याच गाडीत काय चाललंय ते मला दिसलं नाही.

मुलगी वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तिचा देव वेगळा, माणसं वेगळी, आणि लग्नानंतर चिरंजीव राहणार तिच्या माहेराजवळ, कारण तो ज्या हॉस्पिटलात एक्स-रे काढतो ते तिथून जवळ. हे गेल्यापासून आम्ही दोघंच. आता मी एकटी, दोन खोल्या आणि खाली दोन गाड्या.

संध्याकाळी दादा आला. माझा थोरला भाऊ, कोर्टात कारकून होता, निवृत्त झाला तरी कोर्ट त्याच्या अंगातून उतरलेलं नाही. म्हणाला, “अगं, रडतेस काय? त्यांच्यात नियम असतो. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये सगळ्यांसमोर विचारतात, कोणाची हरकत आहे का म्हणून. तू आई आहेस. उभी राहा आणि सांग, आहे. लग्न खलास.”

“आणि पोरगा?”

“पोरगा चार दिवस रुसेल. मग येईल. जातोय कुठे?”

पहिला रविवार याच आठवड्यात.

शुक्रवार, ७

सराव करतेय. ‘हरकत आहे’ हे दोन शब्द, पण तोंडातून नीट निघत नाहीत. कधी भांडल्यासारखे निघतात, कधी रडल्यासारखे. आज शिकवणी चालू असतानाच मोठ्यांदा म्हणून गेले, तर बँकेतल्या त्या घाबरट साहेबांनी भर चौकात गाडी थांबवली. “काय चुकलं मॅडम?” मागून हॉर्नचा नुसता गदारोळ.

आत काय असतं, कुठे बसायचं, कधी उठायचं, मला काहीच माहीत नाही. कोणाला विचारणार? ज्याला विचारता आलं असतं त्याच्याच लग्नात बिब्बा घालायला निघालेय.

रविवार, ९

गेले. झालं काहीच नाही.

कोणी ओळखू नये म्हणून साधी करडी साडी नेसले, डोळ्यांवर काळा चष्मा. चिरंजीव ड्यूटीवर होता, नवी गाडी त्याच्याकडे, म्हणून छतावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी असलेली जुनी घेतली आणि फाटकाशीच लावली, म्हणजे निघताना पळता येईल. पायरीवर चपला काढल्या. आत शिरले तर सगळ्यांच्या पायांत बूट, चपला. बाहेर वळून बघितलं, एवढ्या रुंद पायरीवर माझाच एक जोड. परत जाऊन घालायची लाज वाटली.

गाणं चालू होतं, सगळे उभे. मी शेवटच्या बाकाशी जाऊन उभी राहिले. तिथे एकच बाई होती, माझ्याच वयाची, जाड चष्म्याची. एवढी जागा असून ती आणखी सरकली आणि हातातलं गाण्यांचं पुस्तक माझ्यापुढे धरलं, बोटाने ओळ दाखवत. मी ओठ हलवले. गाणं संपलं, सगळे बसले, मी उभीच. तिने पदराला हळूच ओढलं.

मी घाम पुसत वाट बघत होते, कधी विचारतात. वाचन झालं, प्रवचन झालं. पुढे तिसऱ्या बाकावर ती मुलगी दिसली, पाठमोरी, शेजारी टक्कल पडलेले वडील असावेत. मग सगळे रांगेने पुढे जायला लागले. पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, एकेकाला भाकरीचा तुकडा देत होते, छोट्या पेल्यातून काही पाजत होते. आमची बाकं उठायला लागली तशी मीही उठले. आता पुढे गेले की मुलगी बघणार! चष्मेवाल्या बाईने कोपराला धरून मला खाली बसवलं.

“तुम्ही बसा. बसलेल्याला कोणी काही विचारत नाही.”

“आणि तुम्ही?”

“माझंही आज मन नाही,” ती म्हणाली आणि शेजारी बसून राहिली.

शेवटी न राहवून कुजबुजत विचारलं, “ते लग्नाचं कधी विचारतात?”

“सूचना? त्या पहिल्या गाण्यानंतर वाचतात. तुम्ही आलात तेव्हा होऊन गेल्या.”

म्हणजे सगळा घाम फुकट.

बाहेर पडताना पाळक दारातच उभे होते. मी एक खोटी गोष्ट तयार ठेवली होती, मैत्रिणीला शोधत आलेय वगैरे. त्यांनी काही विचारलंच नाही. हात जोडले आणि म्हणाले, “बरं वाटलं. परत या.” भांडायला आलेल्या माणसाला असं म्हटलं की त्याचं अर्धं बळ जातं. मला त्यांचा राग आला.

ती बाई पायरीपर्यंत सोबत आली. मी चपला घालेपर्यंत थांबली. म्हणाली, “तुम्हाला मुलं किती?”

“एकच.”

“मलाही एकच,” म्हणाली आणि घराकडे गेली. एकटीच चालत गेली, कोणाची वाट न बघता.

बुधवार, १२

चिरंजीव आज जेवायला घरी होता. पहिला घास घेऊन थांबला.

“आई, येशील ना लग्नाला?”

“बघू.”

“बघू म्हणजे?”

“बघू म्हणजे बघू. तुला मराठी कळत नाही का आता?”

तो हसला नाही. म्हणाला, “तिच्या आईलाही पसंत नाहीये. वडील तयार आहेत, आई नाही. तू निदान भांडतेस. त्या भांडत नाहीत, काही बोलतच नाहीत. चर्चमध्येसुद्धा घरच्यांसोबत बसत नाहीत आता.”

मनात म्हटलं, बाई शहाणी दिसते. तोंडाने म्हटलं, “का पसंत नाही? माझ्या मुलात काय वाईट आहे?”

“तेच जे तिच्यात वाईट आहे,” असं म्हणून तो हात धुवायला उठला. ताट तसंच. मला राग आला, पण ताट उचललं. मुलगा लहानपणापासून रागावला की जेवण सोडतो आणि मग उपाशीपोटी कामाला जातो. डबा भरून दिला. तो घेऊन गेला, ‘येतो’ म्हणाला नाही.

हे असते तर काय म्हणाले असते? ह्यांचं काही सांगता येत नाही. कदाचित आधी मुलाच्या बाजूने बोलले असते आणि मग माझ्या.

रविवार, १६

आज सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. चपला पायांतच. तोच शेवटचा बाक. चष्मेवाली बाई पाच मिनिटांत आली, जशी काही आमची जागा राखून ठेवलेली. “आलात?” एवढंच म्हणाली.

पहिलं गाणं झालं. बसलो. पाळकांनी कागद काढला. आधी कोणाचं आजारपण, कोणाचं बाळ, मग चिरंजीवांचं नाव. माझ्या मुलाचं नाव, ह्यांच्या नावासकट, त्या उंच छताखाली एवढ्या लोकांसमोर. मग मुलीचं नाव. “या दोघांचा विवाह होऊ नये असं कोणतंही कारण कोणाला ठाऊक असेल, तर त्याने ते आत्ता सांगावं. ही दुसरी वेळ.”

मी उभी राहिले.

खरंच राहिले. तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारची बाई ताडकन उठली, हातात पुस्तक उघडं, आणि तिने खणखणीत आवाजात गाणं सुरू केलं! पेटीवाल्याने अजून सूरही धरला नव्हता. आम्हाला दोघींना उभं बघून पुढचा बाक उठला, त्याच्या पुढचा उठला, बघता बघता सगळं चर्च उभं. पाळकांनी एकदा आमच्या दिशेने बघितलं, कागद घडी करून ठेवला, आणि पेटीवाला बिचारा मागून धावत येऊन गाण्यात सामील झाला.

मी तशीच उभी, तोंड उघडं, आणि माझ्या तोंडापुढे बाईने धरलेलं पुस्तक. इतकी वर्षं येणाऱ्या माणसालाही कधी उठायचं ते कळत नाही म्हणजे कमाल आहे! वर आवाज असा की बस. पण गाणं संपेपर्यंत तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. चुकल्याची लाज वाटली असेल.

संपल्यावर पायऱ्यांवर तिने मला थांबवलं.

“आज सूचनेत नाव ऐकलंत ना, त्या मुलाची आई फार खमकी आहे म्हणतात.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “असेल. नवरा गेल्यावर एकटीने मूल वाढवणारी बाई खमकी नसेल तर काय असेल?”

“ते खरं. पण सून म्हणून गेलेल्या मुलीला त्रास देईल का हो?”

मी म्हटलं, “तोंडाने देईल थोडा. पण पोरगी तापाने फणफणली तर रात्रभर उशाशी बसेल.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“ऐकलंय.”

मग मीही विचारलं, “आणि मुलीची आई? ती कशी आहे?”

“भित्री आहे,” ती म्हणाली. “मुलीला एकटं वाटेल तिथे, दोन्हीकडची माणसं तोंड फिरवतील, याची भीती वाटते तिला. म्हणून गप्प बसते. आणि गप्प बसून स्वतःच तोंड फिरवल्यासारखं होतं, हे कळतं तिला, पण जमत नाही.”

लोकांच्या घरातलं एवढं कसं माहीत असतं बायकांना! जाता जाता म्हणाली, “पुढच्या वेळी गाडी झाडाखाली लावा, ऊन फार असतं.” हातातली किल्ली बघितली असणार.

सोमवार, १७

दिवसभर एकच विचार. काल ते गाणं मध्ये आलं नसतं तर आत्तापर्यंत झालं असतं. सुटले असते. की अडकले असते?

चिरंजीवांच्या शर्टाची बटणं लावत होते. काम संपलं तरी शर्ट मांडीवर घेऊन बसले होते.

शनिवार, २२

दादा आला. सोबत कपाळावर आठ्या.

“चौकशी केली मी. नुसती आईची नाराजी चालत नाही म्हणे. कारण लागतं. आधीचं लग्न, जवळचं नातं, वय कमी, असलं काही.”

म्हणजे मी दोन रविवार कशासाठी गेले? मला हसूच आलं. मुलाची आई ही हरकत होऊ शकत नाही. बावीस तास कळा दिल्या, त्याची कुठे नोंदच नाही.

“मग सोड,” मी म्हटलं.

“सोडायचं कशाला? सांगायचं, याचं आधी लग्न झालंय. बाहेरगावी. बायकोला टाकलंय.”

“दादा!”

“अगं, खोटं ठरेल, ठरू दे. चौकशी व्हायला महिना जाईल. तारीख टळेल. एवढं ऐकल्यावर मुलीचे लोक स्वतःच मागे फिरतील. मी येतो उद्या. तुला जमलं नाही तर मी उठेन.”

मी म्हटलं, लोक काय म्हणतील माझ्या मुलाला? दादा म्हणाला, लोक चार दिवसांत विसरतात. लोक विसरत नाहीत. हॉस्पिटलात कळेल. उद्या एक्स-रे काढताना बाया त्याच्याकडे कशा बघतील?

पण तारीख टळेल. तो घरी राहील. गिझर लावेल. महिना हा महिना असतो.

मी दादाला हो म्हणाले नाही. नाही असंही म्हणाले नाही. लिहिताना दिसतंय की हे म्हणजे हो म्हटल्यासारखंच आहे. पण लिहिलं तरी फोन उचलून त्याला नको म्हणायचं धैर्य होत नाहीये.

रविवार, २३

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर पुढे माझाच विश्वास बसायचा नाही.

दादा कोट घालून आला. गाडीत मला म्हणाला, “तू फक्त मान हलव.” चर्चमध्ये तो माझ्या डावीकडे बसला, उजवीकडे चष्मेवाली बाई. तिने त्याच्याकडे बघितलं.

“हे?”

“माझा भाऊ.”

तिचा चेहरा उतरला. आज तिने पुस्तक उघडलं नाही. मिटलेलं मांडीवर धरून बसली.

चिरंजीव आला होता. हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्या बाकावर, मुलीच्या शेजारी, मी बटणं लावलेला शर्ट घालून. केस नीट विंचरलेले. मागून त्याची मान बघितली आणि वाटलं, अजून मानेवरचे केस कापायला मलाच सांगावं लागतं.

गाणं झालं. पाळकांनी कागद काढला. दादाने बाकाच्या कडेवर हात ठेवला. दोन नावं वाचली. “ही तिसरी आणि शेवटची वेळ.”

तेव्हा चष्मेवाली बाई माझ्या कानाशी आली आणि इतकं हळू बोलली की ओठच जास्त हलले. “मागच्या वेळी मी उठले. आज नाही उठणार. तुम्हाला बोलायचं असेल तर बोला. मी तिची आई आहे.”

डोक्यात काही शिरायच्या आत डावीकडे बाक करकरला. दादा उठत होता. त्याने घसा खाकरला. मला तो आवाज ठाऊक आहे, कोर्टात पुकारा करायच्या आधीचा. पुढच्या क्षणी माझा मुलगा, भर सभेत, बायकोला टाकणारा ठरणार होता. मी दादाचा कोट धरून त्याला असा खाली खेचला की त्याचं बूड बाकावर आपटलं, आणि त्याच झटक्यात मी स्वतः उभी राहिले.

सगळ्या माना वळल्या. चिरंजीवाने वळून बघितलं. मी दिसेन असं त्याला स्वप्नातही वाटलं नसेल. चेहरा पांढराफटक. त्याला वाटलं, झालं. माझ्या मुलाने माझ्याकडे बघितलं आणि तो मला घाबरला. जन्मात असं कधी झालं नव्हतं. मी त्याला फटके दिले तेव्हासुद्धा तो मला घाबरला नव्हता.

पाळक म्हणाले, “बोला.”

“मी मुलाची आई.” वीस वर्षं इंजिनवर आवाज चढवून बोललेली मी, आवाज वरच्या खिडक्यांपर्यंत गेला असेल. मग काही सुचेना. दोन आठवडे घोकलेलं एकच वाक्य होतं, आणि ते ओठांवर होतं. सगळे वाट बघत होते. उजवीकडे ती बाई श्वास धरून बसली होती, हे मला न बघता कळत होतं.

मी म्हटलं, “माझी हरकत नाही.”

मग पाळक अगदी सांभाळून म्हणाले, “आई, हरकत नसेल तर उभं राहावं लागत नाही.”

लोक हसले. आधी थोडे, मग सगळेच. मी म्हटलं, “मला माहीत नव्हतं. मी नवीन आहे.” आणि बसले. चिरंजीव हसत नव्हता. वळलेला तसाच बसला होता, डोळे भरलेले, आणि ती मुलगी त्याचा दंड धरून माझ्याकडे बघत होती. तिला पहिल्यांदाच नीट बघितलं. नाकाच्या शेंड्यापर्यंत लाल झाली होती.

पुढचं काही आठवत नाही. एवढं आठवतं की एका गाण्यात शेजारणीने माझा हात धरला आणि गाणं संपल्यावर सोडायला विसरली. दादा तोंडात मारल्यासारखा बसला होता. मधेच उठून गेला. त्याची समजूत घालायला आठवडा जाईल.

बाहेर पायऱ्यांवर आम्ही दोघीच उभ्या होतो, आतली दोघं लोकांच्या गराड्यातून सुटायची होती.

“म्हणजे तुम्ही मला ओळखलं होतंत?”

“पहिल्याच दिवशी.”

“कशावरून?”

ती सांगेना, माझ्या गाडीकडे बघून नुसती हसली. मग हसू ओसरलं. चष्मा काढून पदराने पुसला. “खरं सांगा आता. खरंच हरकत नाही?”

देवाच्या दारात उभं राहून परत तेच कसं बोलणार? मी म्हटलं, “आहे.”

“किती?”

“पोटभर.”

“मलाही आहे,” ती म्हणाली. “अजून आहे. तुमचा मुलगा चांगला आहे, तरी आहे.”

“तुमची मुलगीही बरी आहे. गाडी मागे घेता येत नाही एवढंच.”

आम्ही दोघी हसलो आणि मग दोघींनाही रडू आलं, पायरीवरच, लोक बाजूने जात असताना. तेवढ्यात ती दोघं बाहेर आली. चिरंजीव माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी त्याची कॉलर सरळ केली.

मुलीने विचारलं, “काय झालं? काय बोलत होतात?”

“काही नाही,” आम्ही दोघी एकदमच म्हणालो.